काचेच्या पेटीतला श्वास : अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. बाळांच्या फुप्फुसांत तुमचं काय काम?" प्रश्न रास्त आहे. पण श्वास हा वैद्यकाचा विषय होण्याच्या फार आधीपासून आमचा विषय आहे. छांदोग्य उपनिषदात एक गोष्ट येते. वाणी, डोळे, कान, मन आणि प्राण यांच्यात भांडण लागतं, आपल्यात श्रेष्ठ कोण? प्रजापती सांगतो, जो निघून गेल्यावर शरीराची सर्वांत वाईट अवस्था होईल तो श्रेष्ठ. मग एकेक जण वर्षभर बाहेर जाऊन येतो. वाणी गेली, माणूस मुका झाला, पण जगला. डोळे गेले, आंधळा झाला, पण जगला. शेवटी प्राण निघू लागला, तेव्हा एखादा दांडगा घोडा खुंट्या उपटत निघावा तशी बाकीची सगळी इंद्रियं मुळापासून हलली. आणि भांडण तिथेच मिटलं.

आता ही गोष्ट जरा लक्षात ठेवा. डोळे गेले तर माणूस जगतो, प्राण गेला तर नाही. उपनिषदात हा क्रम एका ओळीत ठरून जातो. विसाव्या शतकात मात्र डॉक्टरांना हाच क्रम हजारो बाळांच्या बाबतीत प्रत्यक्ष ठरवावा लागला, आणि तो त्यांना नीट ठरवता आला नाही. ती हकीकत पुढे येईलच.

आधी शब्दांचं बघू. आपल्याकडे कुणी 'प्रीमॅच्युअर' म्हणत नाही. 'अपुऱ्या दिवसांचं बाळ' म्हणतात, 'सातव्यात झालं' म्हणतात, आणि बहुतेक वेळा नुसतं 'पेटीत ठेवलंय' म्हणतात. पेटी म्हटलं की सगळं कळतं. वैद्यकाच्या भाषेत ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. भारतात २०२० साली अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त.

जुन्या बायकांचा एक समज तुम्ही ऐकला असेल: सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. हा समज फक्त आपल्या आज्यांचा नाही. चरकसंहितेत आठव्या महिन्यात ओज आई आणि गर्भ यांच्यात येरझाऱ्या घालत असतं, म्हणून त्या महिन्यातला जन्म धोक्याचा, असं मांडलेलं आहे. आणि तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथसंग्रहात आठव्या महिन्याच्या बाळावर स्वतंत्र पुस्तकच आहे, तेही हेच सांगतं. दोन दूरच्या संस्कृती आणि चूक एकच! आता आपल्याला माहीत आहे की गर्भात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. पण या समजाने केवढं नुकसान केलं असेल बघा. आठव्यात झालेलं बाळ जगणारच नाही असं ठरलेलं असेल, तर त्याच्यासाठी धडपडणार कोण?

अशा बाळाला श्वास का जमत नाही? फुप्फुस म्हणजे लाखो बारीक फुगे समजा. त्यांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याचा पृष्ठताण फुग्याला सतत मिटवायला बघतो, आणि फुगा जितका लहान तितका हा जोर जास्त. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात साबणासारखा एक पदार्थ तयार झालेला असतो. तो हा ताण मोडतो, त्यामुळे श्वास सोडल्यावरही फुगे थोडे उघडे राहतात. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो पुरेसा नसतो. म्हणजे त्याचा प्रत्येक श्वास हा पहिला श्वास. नवा फुगा फुगवताना पहिल्या फुंकीला गाल दुखतात ना, तसं, मिनिटाला साठ-सत्तर वेळा. काही तासांत बाळ थकतं. बरगड्यांखाली खळगे पडतात, नाकपुड्या फुलतात, आणि ते कण्हायला लागतं. त्या कण्हण्याकडे मी पुन्हा येणार आहे.

गंमत म्हणजे हे कोडं सुटायला तीस वर्षं लागली. कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी १९२९ सालीच दाखवलं होतं की फुप्फुस हवेने फुगवायला पाण्याने फुगवण्यापेक्षा जास्त जोर लागतो, म्हणजे पृष्ठताणाचं काहीतरी आहे. कुणी लक्ष दिलं नाही. १९५९ साली बॉस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की श्वासाच्या त्रासाने गेलेल्या बाळांच्या फुप्फुसात हा पदार्थ कमी होता.

पेटी त्याआधीची. पॅरिसमध्ये १८८० च्या सुमारास स्तेफान तार्निए नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायची यंत्रं पाहिली आणि तशीच बाळांसाठी करवून घेतली. पुढे मार्टिन कूनी नावाचा गृहस्थ अमेरिकेत कोनी आयलंडच्या जत्रेत अशा पेट्यांतली जिवंत बाळं तिकीट लावून दाखवायचा, १९०३ पासून पार १९४३ पर्यंत. ऐकायला भयंकर वाटतं, पण आईबापांकडून तो पैसे घेत नसे. बाळांचा खर्च तिकिटांतून निघायचा. रुग्णालयं ज्यांना हात लावत नव्हती ती बाळं जत्रेत जगली. यातलं नैतिक काय आणि अनैतिक काय, हा प्रश्न मी वर्गात दिला असता तर दोन तास पुरला असता. आज वेळ नाही. पुढे जाऊ.

पेटी ऊब देते, श्वास देत नाही. श्वासासाठी १९४० च्या दशकात पेटीत प्राणवायू सोडायला सुरुवात झाली. निळं पडलेलं बाळ गुलाबी व्हायचं. डोळ्यांदेखत फरक! मग जास्त दिला तर काय बिघडलं? चांगल्या, श्रीमंत रुग्णालयांनी तो आठवडेच्या आठवडे सढळ हाताने दिला. आणि त्याच काळात, १९४२ मध्ये, बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांत एक नवीन आंधळेपणा नोंदवला. दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे १०,००० मुलं आंधळी झाली. स्टीव्ही वंडर हा प्रसिद्ध गायक १९५० साली असाच अपुऱ्या दिवसांचा जन्मला आणि त्याची दृष्टी याच रोगाने गेली. चमत्कारिक गोष्ट अशी की जिथे साधनं जास्त तिथे आंधळी बाळं जास्त. गरीब रुग्णालयांत कमी.

कारणं म्हणून काय काय सुचवलं गेलं! जीवनसत्त्वं, लोह, उजेड. उपायही तसेच. न्यूयॉर्कचे विल्यम सिल्व्हरमन यांनी एसीटीएच नावाचं संप्रेरक देऊन बघितलं. बहुतेक बाळांची दृष्टी वाचली आणि सगळे खूश झाले. पण सिल्व्हरमन संशयी माणूस. दुसऱ्या एका रुग्णालयात हे औषध न देताही बाळांचे डोळे ठीक राहतात, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखं केलं. कुठल्या बाळाला औषध आणि कुठल्याला नाही, हे नशिबावर सोडलं. निकाल काय? औषध मिळालेल्यांपैकी सुमारे तिसरा हिस्सा आंधळी झाली, न मिळालेल्यांपैकी सुमारे पाचवा. म्हणजे बहुतेक डोळे आपोआपच बरे होत होते आणि श्रेय औषध घेत होतं. आमच्या न्यायशास्त्रात याला काकतालीय म्हणतात. कावळा बसायला आणि ताड पडायला.

प्राणवायूचा संशय १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी मांडला. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून चाचणी केली आणि गुन्हेगार सापडला: सढळ हाताने दिलेला प्राणवायूच. मग सगळीकडे हात आखडले. आंधळेपणा झपाट्याने कमी झाला. गोष्ट इथे संपली असती तर ती शाळेच्या पाठ्यपुस्तकात घालण्यासारखी होती. पण १९७३ साली केनेथ क्रॉस यांनी 'लॅन्सेट'मध्ये हिशेब मांडला की प्राणवायू कमी केल्यामुळे एक दृष्टी वाचवताना अंदाजे सोळा बाळं दगावली असावीत. आंधळी मुलं मोजली जात होती कारण ती समोर होती. मेलेली मोजली नाहीत, कारण अपुऱ्या दिवसांची बाळं मरायचीच, असं सगळ्यांनी धरलेलं होतं. बरं, प्राणवायू नेमका किती द्यावा, हा प्रश्न त्यानंतरही चाळीस वर्षं लोंबकळत राहिला. २०१० साली अमेरिकेत मोठी चाचणी झाली, त्यात रक्तातल्या प्राणवायूची पातळी थोडी खाली ठेवली तर गंभीर नेत्ररोग निम्म्यावर आला, पण मृत्यू वाढले. छांदोग्यातलं भांडण पुन्हा तसंच समोर! डोळे की प्राण?

आता त्या कण्हण्याकडे येतो.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, पॅट्रिक. साडेचौतीस आठवड्यांचा, वजन दोन किलोच्या थोडं वर. आज आपल्या वसई-विरारच्या कुठल्याही बऱ्या नवजात विभागात असं बाळ आलं तर डॉक्टरांच्या कपाळाला आठीसुद्धा पडणार नाही. तो ३९ तास जगला. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाचा मुलगा, बॉस्टनसारख्या शहरात! सत्तेने श्वास विकत मिळत नाही, ज्ञानाने मिळतो, आणि ते ज्ञान तेव्हा अर्धंच तयार होतं.

उरलेलं अर्धं सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी यांना मिळालं. बाळ कण्हतं तेव्हा ते नेमकं काय करत असतं? कंठ अर्धवट मिटून हवा अडवून धरतं, म्हणजे फुप्फुसात थोडा दाब टिकून राहतो आणि फुगे मिटत नाहीत. ज्याला सगळे दुखण्याचं लक्षण समजत होते तो बाळाने स्वतः शोधलेला उपाय होता. ग्रेगरी म्हणाले, मग हे काम आपणच करू. सतत थोडा दाब ठेवू. १९७१ मध्ये त्यांनी वीस बाळांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातली सोळा जगली. यालाच सीपॅप म्हणतात. याचं सर्वांत साधं रूप पाहायचं असेल तर शहाळ्यात स्ट्रॉ घालून फुंकणारं पोर आठवा. बाळाच्या नाकातून येणाऱ्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत पाच सेंटिमीटर बुडवायचं. पाच सेंटिमीटर पाण्याचा दाब तयार. बुडबुडे येत आहेत तोवर काम चालू आहे. मला ही युक्ती सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त आवडते, कारण ती बाळाकडून शिकलेली आहे आणि ते बाळ आपला श्वास आपणच घेतं.

त्याच काळात व्हेंटिलेटरही आला. तो बाळाच्या वतीने श्वास घेतो. बाळं वाचली, पण १९६७ मध्येच विल्यम नॉर्थवे यांनी नोंदवलं की यंत्राच्या दाबाने आणि प्राणवायूने फुप्फुसं जखमी होऊन कायमची खडबडीत होतात. मग बाळ यंत्रावरून लवकर उतरावं म्हणून १९९० च्या दशकात डेक्सामेथासोन सर्रास द्यायला लागले. बाळ खरंच दोन-तीन दिवसांत यंत्रावरून उतरायचं. पुन्हा तेच, डोळ्यांदेखत फरक! काही वर्षांनी ती मुलं चालायच्या वयाला आली तेव्हा त्यांच्यात सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण जास्त निघालं. २००२ साली अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी सर्रास वापर थांबवा म्हणून सांगितलं. उलट, याच जातीचं औषध जन्माआधी आईला दिलं तर बाळाचं फुप्फुस लवकर पिकतं, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ सालीच सिद्ध केलं होतं. ती स्वस्त सुई जगाने मनावर घ्यायला वीस वर्षं लावली. जे घातक ते धडाक्यात आणि जे उपकारक ते रडतखडत, याला काय म्हणावं! सर्फॅक्टंट मात्र १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी गायीच्या फुप्फुसापासून तयार करून दहा बाळांना दिलं आणि दहा वर्षांत ते बाजारात आलं. आणि हो, कॉफीसुद्धा. श्वास घ्यायला विसरणाऱ्या बाळांना कॅफीन देतात. त्याची चाचणी करणाऱ्यांनी मुलांचा पाठपुरावा अकराव्या वर्षापर्यंत केला, हे मला त्या औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

हे सगळं तिकडचं. आपल्याकडे काय झालं?

दोन गोष्टी सांगतो, दोन्ही महाराष्ट्रातल्या. पहिली गडचिरोलीची. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथे आधी न्यूमोनियाचं काम केलं. ज्यांना दहाच्या पुढे मोजता येत नाही अशा दायांसाठी त्यांनी श्वास मोजायचं एक साधन बनवलं. एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लाल मणी सरकला की न्यूमोनिया. निरक्षर बाईच्या हातात निदान दिलं, मंडळी! ज्ञानमीमांसेवर मी आयुष्यभर शिकवलं, पण ज्ञान कुणाचं असतं या प्रश्नाला इतकं चोख उत्तर मला ग्रंथात मिळालं नाही.

पुढे ३९ गावांत नवजात बाळांसाठी काम सुरू झालं. थोडं शिकलेल्या गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून तयार केलं. जन्मताच न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायला आधी तोंडाने, मग नळी-मुखवट्याने आणि नंतर हाताने दाबायच्या फुग्याने, अशी साधनं सुधारत गेली. लहान बाळांसाठी उबेची झोळीवजा पिशवी, आईचं दूध, वजन, जंतुसंसर्गावर वेळेत इंजेक्शन. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. व्हेंटिलेटर नाही, सर्फॅक्टंट नाही. २०११ पासून सरकारने घरच्या घरी नवजात काळजीचं हे काम देशभरात आशा कार्यकर्तींकडे दिलं. आपल्या गावात बाळंतिणीच्या घरी आशाताई येतात, त्याच्या मागे हा गडचिरोलीचा इतिहास आहे.

दुसरी गोष्ट पुण्याच्या केईएम रुग्णालयाची, आणि माझ्या मते ती पुरेशी सांगितली गेलेली नाही. १९८७ पासून डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळांचा माग ठेवायचा ठरवला. एक-दोन वर्षं नव्हे, अठरा वर्षं. सोबतीला तुलनेसाठी चांगल्या वजनाची मुलं. आपल्या देशात अठरा वर्षं एखादं कुटुंब शोधत राहायचं म्हणजे काय हे समजून घ्या. भाड्याची घरं बदलतात, पत्ते बदलतात, मुलगा धडधाकट दिसत असेल तर बाप म्हणतो, आता कशाला दवाखाना? तरी त्यांनी सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी मुलं गाठली.

काय दिसलं? बहुसंख्य मुलं शाळेत गेली, शिकली. त्यांची सरासरी बुद्धिमत्ता सामान्य कक्षेत होती, पण तुलनेच्या मुलांपेक्षा कमी. सर्वांत मागे राहिली ती अपुऱ्या दिवसांची असून शिवाय त्या दिवसांच्या मानानेही लहान असलेली, म्हणजे पोटातच उपासमार झालेली. पाहिलेलं हाताने उतरवणं, गणित, वाचन, अशा ठिकाणी अडचणी दिसल्या. आता विचार करा. हा मुलगा लंगडत नाही, आंधळा नाही, वर्गात मागच्या बाकावर बसतो. फळ्यावरचं वहीत उतरवताना चुकतो आणि 'ढ' ठरतो. त्याच्या जन्माचं वजन मास्तरांना कुणी सांगितलेलं नसतं. मी चाळीस वर्षं वर्गात उभा राहिलो, पण मागच्या बाकावरच्या कुणाला हे विचारायचं मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि सौम्य साधनं वापरली की पुढचं आपोआप सुधारतं, असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांच्या तीन पिढ्या तपासल्या: १९९१-९२, १९९७ आणि २००५. शेवटच्या पिढीला नळीऐवजी नाकातल्या सीपॅपवर जास्त काळ ठेवलं होतं. सगळ्यांची अपेक्षा, यांची फुप्फुसं आठव्या वर्षी चांगली असणार. २०१७ मध्ये निकाल आला. चांगली नव्हती, उलट हवेचा प्रवाह थोडा कमीच होता. का, यावर वाद चालू आहे. मी सीपॅपचं एवढं कौतुक केलं, म्हणून हेही सांगणं भाग आहे.

आता आपला जिल्हा. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. एका टोकाला आपण, लोकल गाडीची माणसं, गल्लोगल्ली प्रसूतिगृहं. दुसऱ्या टोकाला जव्हार, मोखाडा. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले तेव्हा हे नाव देशभर गेलं. तिथे आई स्वतःच अशक्त असते, म्हणजे पुण्याच्या अभ्यासात जे बाळ सर्वांत मागे राहिलं नेमकं तेच तिथे जन्मतं. ते कसंबसं मोठ्या रुग्णालयात पोचतं, महिनाभर प्राणवायूवर राहतं, वाचतं, घरी जातं. फाइलवर 'बरा होऊन घरी' असा शिक्का बसतो. पण पुण्याच्या लोकांनी खरी सुरुवात त्या शिक्क्यानंतर केली होती. भात लावणीच्या दिवसांत मजुरी सोडून, दोन गाड्या बदलून, दिसायला धडधाकट असलेलं बाळ तपासायला कोण आणणार? त्या आईला मी दोष देणार नाही. तपासणी तिच्याकडे गेली पाहिजे. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत या नेत्ररोगाचंही नाव आहे. कागद तयार आहे.

कारण तो १९४२ चा आंधळेपणा गेलेला नाही. पश्चिमेत तो आता मुख्यतः अगदी चिमुकल्या बाळांत होतो. आपल्याकडे दीड-पावणेदोन किलोच्या बाळांतही दिसतो, कारण प्राणवायू पोचला पण तो मोजून देण्याची शिस्त सगळीकडे पोचली नाही. वेळेत सापडला तर लेझरने किंवा इंजेक्शनने बहुतेकदा थांबवता येतो. उशीर झाला तर नाही. म्हणून आज इथे बसलेल्या आजी-आजोबांना एकच निरोप देतो. नात्यात, शेजारी, कामाला येणाऱ्या बाईच्या घरी, कुठेही दोन किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ पेटीत असल्याचं कळलं, तर विचारा: डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली का? ती जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी लागते, आणि फारच लहान बाळ असेल तर त्याहून आधी. बाळ पेटीत असो की घरी आलेलं असो, दिवस जन्मापासून मोजायचे.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून आहेत, त्यांना आधी माइक द्या.